‘गहाळ आहे’ असं उत्तर मिळालं, तर

सरकारी कार्यालयात कागद मागायला गेलेल्या माणसाला तोंडावर नकार फारसा कुणी देत नाही. त्याला सांगतात, “फाईल सापडत नाही.” किंवा “रेकॉर्डला नाही.” किंवा “गहाळ आहे, फार जुनं आहे ते.” माणूस ऐकतो, मान हलवतो आणि घरी जातो. ठाण्यात एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुने कागद सांभाळतात त्या कक्षात, माझी नोकरी झाली. आता ऐरोलीत राहते. शेजारीपाजारी, त्यांचे नातेवाईक आणि त्या नातेवाइकांच्या ओळखीचे असे बरेच जण कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी एकच विचारते: खिडकीवरच्या माणसाने नेमका कोणता शब्द वापरला?

हा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात. “शब्द कुठला असला तरी कागद नाहीच ना मिळणार, ताई?” पण दप्तरात या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि तुमचं पुढचं पाऊल त्या शब्दावरच ठरतं.

कोणता शब्द काय सांगतो

‘गहाळ’ म्हणजे वस्तू होती, आपल्या ताब्यात होती आणि आता जागेवर नाही. हा शब्द लिहिणारं कार्यालय कबूल करतं की तुमचा कागद कधीतरी अस्तित्वात होता आणि तो सांभाळणं त्यांचं काम होतं. म्हणून हा शब्द कानावर आला की खचू नका. एवढं तुमच्या बाजूचं उत्तर दुसरं मिळत नाही. इथून पुढे ‘शोधा, जबाबदारी ठरवा, नवी नस्ती (म्हणजे फाईल) तयार करा’ असं तुम्ही हक्काने म्हणू शकता.

‘सापडत नाही’ किंवा पत्राच्या भाषेत ‘आढळून येत नाही’ हे शोधाविषयीचं विधान आहे. शोध कुणी घेतला, कोणत्या साली, कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या नावाने, हे त्यात सांगितलेलं नसतं. ते तुम्ही विचारायचं. माझा अनुभव असा की नीट विचारलं की निम्मी प्रकरणं इथेच सुटतात. कारण शोध १९७८ च्या गठ्ठ्यात झालेला असतो आणि आदेश निघालेला असतो १९७९ च्या जानेवारीत.

‘उपलब्ध नाही’ हा सगळ्यांत निसरडा शब्द. कागद कधी आलाच नाही, दुसऱ्या कार्यालयात गेला, नियमाने नष्ट झाला किंवा हरवला, या चारही गोष्टी त्या एका शब्दाखाली झाकल्या जातात. हे उत्तर मिळालं तर स्वीकारू नका. शांतपणे म्हणा, “साहेब, उपलब्ध नाही म्हणजे यातलं नक्की काय, तेवढं लिहून द्या.”

‘नष्ट केले’ हे मात्र बऱ्याचदा कायदेशीर आणि खरं उत्तर असतं. आपल्याकडे सरकारी अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ वर्ग कायमचा ठेवायचा, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं आणि ‘ड’ १ वर्ष. मुदत संपलेले कागद काढून टाकण्याला दप्तरात निंदणीकरण म्हणतात. शेतात निंदणी करताना तण उपटतात आणि पीक राखतात, तसंच हे काम. पण काय उपटलं याची यादी करावी लागते आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणून ‘नष्ट केले’ असं उत्तर आलं की मागायची वस्तू एकच: नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि मंजुरीचा आदेश. यादीत तुमची नस्ती असेल तर विषय संपला, वेळ दुसरीकडे लावा. यादीच नसेल, तर नस्ती नष्ट झाली असं कुणालाही म्हणता येणार नाही. ती गहाळच आहे.

दोन शब्द असे आहेत की लोक उगाच घाबरतात. ‘नस्तीबद्ध’ आणि ‘दप्तरी दाखल’. “आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे” असं पत्र घेऊन रबाळ्याच्या एक आजी आल्या होत्या. त्यांना वाटलं कागद हरवला. हरवला नव्हता, पण त्यावर पुढे काही करायचं नाही असं ठरवून तो फाईलला लावला होता. कागद हमखास सापडतो अशी ही जागा आहे. इथे कागदाचा शोध घ्यायचा नाही, त्या निर्णयाला आव्हान द्यायचं.

‘जीर्ण’ म्हणजे कागद आहे, पण हाताळला की तुटेल. जमिनीच्या जुन्या नोंदींना हा शेरा नेहमी मिळतो. नक्कल मिळाली नाही तरी स्कॅन झालंय का ते विचारा. महसूल खात्याने जुने सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी), आठ-अ असे हस्तलिखित अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर टाकलेत, त्यात ठाणे जिल्हा आहे. तिथे नसेल तर प्रत्यक्ष पाहणी मागा. जीर्ण पान डोळ्यांनी वाचता येतं, आणि त्यावरचा फेरफार क्रमांक कळला की पुढची वाट सापडते.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यांत जपून ऐकायचा शब्द: ‘नोंद नाही’. नोंद नाही आणि नोंद सापडत नाही यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एखाद्या म्हाताऱ्या बाईला “तुमची नोंदच नाही” असं सांगितलं जातं, तेव्हा तिच्या आयुष्याचाच पुरावा पुसल्यासारखं तिला वाटतं. मी हे चेहरे पाहिले आहेत. अशा वेळी सोबतच्या माणसाने पुढे होऊन म्हणावं, “दादा, नोंद नाही असं कसं ठरवलंत? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचं रजिस्टर पाहिलंत, तेवढं सांगा.”

तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका

अर्ज साध्या कागदावर करा आणि दोन प्रती घेऊन जा. एक आवक बारनिशीत, म्हणजे आलेले अर्ज नोंदवून घेतात तिथे, द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. याला पोहोच म्हणतात. पोहोच नसेल तर तुमचा अर्ज झालाच नाही असं समजा. खिडकीवरचा माणूस शिक्का मारायला तयार नसेल तर तिथे वाद घालू नका. टपाल कार्यालयात जा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

अर्जात कागदाचं वर्णन जितकं बारीक, तितकं ‘सापडत नाही’ म्हणणं अवघड. “माझ्या वडिलांच्या जमिनीचे कागद” असं लिहिलंत तर शोधणाऱ्यालाही काही करता येत नाही. अभिलेख कक्षात फाईल माणसाच्या नावाने लावलेली नसते. ती शाखा, वर्ष आणि क्रमांक यांनी लावलेली असते. जुन्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात ‘जा.क्र./कक्ष/…’ (जा.क्र. म्हणजे जावक क्रमांक) असं काहीतरी छापलेलं किंवा हाताने लिहिलेलं असतं. घरात त्या खात्याचं कोणतंही जुनं पत्र असेल, अगदी नोटीस असेल, तर तो क्रमांक उतरवून घ्या. सातबारावर डाव्या-उजव्या बाजूला गोलात किंवा कंसात लिहिलेले आकडे फेरफाराचे असतात. त्या एका आकड्यावरून गाव नमुना ६ मधलं, म्हणजे फेरफार नोंदवहीतलं पान गाठता येतं.

साध्या अर्जाला उत्तर आलं नाही, किंवा ‘उपलब्ध नाही’ एवढंच आलं, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयापुरता ठेवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ऑनलाइनही करता येतो, पण वय झालेल्या माणसांना मी कागदी अर्जच सुचवते. हातात पोहोच असली की त्यांना धीर येतो.

अर्जात ‘फाईल का हरवली?’ असं विचारू नका. या कायद्याने कार्यालयाकडे असलेला कागद मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही. ‘का’ असा प्रश्न टाकला की त्याच मुद्द्यावर अर्ज परत येतो. म्हणून हरवलेली नस्ती मागण्याऐवजी तिच्या पाऊलखुणा मागा. मी लोकांना असा मजकूर लिहून देते:

“अमुक इमारतीच्या बांधकाम परवानगीची नस्ती गहाळ असल्याचे आपल्या कार्यालयाने दि. … च्या पत्राने कळवले आहे. त्याबाबत पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात. सदर प्रकरणाच्या आवक नोंदीचे पान. नस्तीच्या चलनवलन नोंदवहीतील शेवटची नोंद. अभिलेख कक्षात जमा झाली असल्यास जमा यादीचे पान. नस्तीचा अभिलेख वर्ग दर्शवणारी नोंद. नष्ट केली असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी व मंजुरीचा आदेश. गहाळ असल्यास शोधाबाबतचा पत्रव्यवहार, चौकशी अहवाल व पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत. वरील नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणीही करावयाची आहे.”

यातलं चलनवलन नोंदवहीचं वाक्य अजिबात गाळू नका. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की त्या वहीत नोंद आणि सही व्हायला हवी. शेवटची सही ज्याची, त्याच्याकडून विचारणा सुरू होते. तो बदलून गेला असेल तर पदभार देताना केलेली यादी असते. त्या यादीत नस्ती आहे की नाही, हे पाहिलं की ती कोणाच्या काळात हरवली ते कळतं. असा अर्ज आल्यावर अभिलेख कक्षात काय होतं ते मी आतून पाहिलंय. कुणीतरी उठतं, कपाटाच्या मागे पडलेले गठ्ठे ओढतं, आणि पुष्कळदा नस्ती खरोखरच निघते. चुकीच्या गठ्ठ्यात बांधलेली, किंवा एखाद्या कोर्टाच्या प्रकरणासाठी वकिलाकडे पाठवून परत मागवायची राहिलेली.

कायदा तुमच्या पाठीशी आहे, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. माहिती नाकारण्याची कारणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये दिलेली आहेत. ‘फाईल गहाळ आहे’ हे कारण त्यांत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये एका निकालात हेच स्पष्ट केलं: कार्यालयाकडे असलेली माहिती ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येणार नाही. कसून शोध घ्यायला हवा, आणि तरीही मिळाली नाही तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करायला हवी. आपल्या राज्यात तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. नियम मोडून सरकारी अभिलेख नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अर्जात या कायद्याचं नाव एकदा, सभ्य भाषेत, जरूर घाला. धमकीसारखं लिहू नका. समोरचा लिपिक बहुतेक वेळा ती फाईल हरवली तेव्हा नोकरीतही नसतो.

उत्तर असमाधानकारक असेल किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. ठाणे आणि नवी मुंबईसाठी आयोगाचं कोकण खंडपीठ आहे, बेलापूरला, म्हणजे आपल्याला लोकल पकडून जाता येतं. आयोगाकडे वेळ लागतो. म्हणून अपील दाखल करून त्याच्यावरच बसून राहू नका. दुसऱ्या बाजूने प्रत शोधायला लागा.

कागद बहुधा दुसऱ्या घरी असतो

हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय. सरकारी कागद एकटा जन्माला येत नाही. आदेश निघाला की त्याच्या प्रती चार ठिकाणी जातात: अर्जदाराला, खालच्या कार्यालयाला, वरच्या कार्यालयाला, कधी नोंदणी कार्यालयाला. त्या प्रती कुठे गेल्या असतील याचा विचार करणं हाच खरा शोध.

आपल्या भागात तर हद्दी इतक्या वेळा बदलल्यात की ‘इथे नाही’ हे उत्तर अनेकदा शब्दशः खरं असतं. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली. त्याआधी कळव्यासारख्या आसपासच्या गावांचा कारभार ग्रामपंचायतीकडे होता. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ची. त्याआधीचे नवी मुंबईतले भूखंड, परवानग्या, वाटपपत्रं सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे शोधायची, कारण सिडको १९७० पासून इथे आहे. गावठाणांतल्या जुन्या घरपट्ट्या ग्रामपंचायतींच्या. खारघर, कामोठे, कळंबोली तोंडाने आपण नवी मुंबई म्हणतो, पण ती रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. तिथली महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, वेगळी. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा वसई, वाडा, जव्हार, डहाणू या तालुक्यांचा कारभार तिकडे गेला. ठाण्याच्या कोर्टनाक्याला, जिल्हाधिकारी कार्यालयात, वाड्याची जुनी नोंद मागणाऱ्या माणसाला ‘उपलब्ध नाही’ म्हटलं, तर त्याने निराश होण्याआधी विचारावं: हे दप्तर पालघरला वर्ग झालंय का? माहितीच्या अर्जात अशी वेळ आली तर कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं जन माहिती अधिकाऱ्याचं, म्हणजे माहितीचे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचं, कर्तव्य आहे. ते वाक्य अर्जाच्या शेवटी लिहून ठेवा.

घणसोलीचे एक काका साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी (जमीन संपादन झालेल्यांना सिडको देते तो) आजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार शोधत होते. गावाकडून उत्तर ‘उपलब्ध नाही’. मी त्यांना विचारलं, “काका, जमीन संपादन झाली तेव्हा मोबदला कुणी घेतला?” म्हणाले, वडिलांनी आणि चुलत्यांनी. मग मोबदला देताना वारसांची खात्री कशावरून केली असेल? त्या फेरफाराच्या नकलेवरूनच. भूसंपादनाच्या दप्तरात निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, प्रकरणाला ती नक्कल टाचलेली मिळाली. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी कुटुंबांना माझं सांगणं आहे: तुमच्या जमिनींचा इतिहास तलाठी कार्यालयाइतकाच संपादनाच्या निवाड्यांत आहे. तिथे जरूर पाहा.

इमारतीच्या कागदांची गोष्ट अशीच. नौपाड्यातली एक जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, काहीच हाती नव्हतं. बिल्डर हयात नाही, मूळ नस्ती मिळेना. पण त्या इमारतीतल्या पहिल्या खरेदीदारांनी करारनामे नोंदवले होते, आणि करारनाम्याला सहसा प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत आणि मालकी हक्काचा वकिलाचा दाखला जोडलेला असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत कुणालाही मागता येते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ मध्ये ते आहे. शेजाऱ्याच्या करारनाम्याच्या प्रमाणित प्रतीत पूर्ण इमारतीचं प्रारंभ प्रमाणपत्र निघालं. त्यावर क्रमांक आणि तारीख होती. तो क्रमांक घेऊन शहर विकास विभागाकडे नव्याने अर्ज केला, तेव्हा शोधणाऱ्यालाही धागा मिळाला.

शाळेचा दाखला हरवला तर शाळेतलं जनरल रजिस्टर पाहा. ते कायम जपायचं असतं. दाखल्याची दुय्यम प्रत त्याच्यावरूनच देतात. शाळा बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं कुठे जमा झाली ते शिक्षण विभागात विचारा.

जन्माची नोंद: इथे शब्द फार जपून

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. हे एक वाक्य किती जणांचा हेलपाटा वाचवतं! आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. कळव्यात वाढलेल्या ताईची नोंद कळव्यात शोधून उपयोग नाही. तिच्या आईचं माहेर खेडला असेल तर नोंद खेडकडच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. वाशीत राहणारी पण ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात जन्मलेली मुलगी ठाणे महानगरपालिकेच्या रजिस्टरात. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचारा: बाळंतपण कुठे झालं, दवाखान्यात की घरी, आणि कोणत्या सणाच्या सुमारास. “गौरी बसल्या होत्या” एवढ्यावरून महिना कळतो.

मग शोध बाळाच्या नावाने न करता वडिलांच्या नावाने आणि तारखेने करायला सांगा. जुन्या रजिस्टरांत बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो, कारण नाव बारशाला ठरलं आणि कळवायचं राहिलं. आडनाव वेगळं लिहिलेलं असू शकतं. गावावरून पडलेलं आडनाव, जातीवरून लिहिलेलं, किंवा नुसतं वडिलांचं नाव. एका वर्षाऐवजी आगेमागे दोन-दोन वर्षं पाहायला सांगा. खेड्यातल्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असतात आणि त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा असतात. काही मोडी लिपीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशीच दप्तरं उघडली आणि लाखो नोंदी बाहेर आल्या. वर्षानुवर्षं ज्यांना ‘नाही’ म्हटलं गेलं होतं, ते कागद तिथेच होते. वाचणारं कुणी नव्हतं.

एवढं करूनही मिळालं नाही तर ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ मागा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत यासाठी नमुना १० आहे. अमुक वर्षांची रजिस्टरं तपासली आणि नोंद मिळाली नाही, असं निबंधक त्यावर सही-शिक्क्याने लिहून देतो. लोक हा कागद घ्यायला कचरतात, जणू तो पराभवाचा दाखला आहे. तसं मुळीच नाही. उशिराची नोंद करून घ्यायला हाच कागद पहिला लागतो, परदेशी वकिलातीतही तो चालतो. जन्माला एक वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. सोबत शाळेचा दाखला, आईवडिलांचे कागद, असेल तर दवाखान्याचं कार्ड लावा. एजंटाकडे जाऊ नका. अशा प्रकरणांची नंतर तपासणी होते, आणि खोटा पुरावा जोडलेला निघाला तर खरा जन्मही संशयात येतो.

तुमच्याकडून हरवलं असेल तर

पोलिसांत जाताना ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांतला फरक लक्षात ठेवा. लोकलमध्ये बॅग राहिली, घर बदलताना करारनामा हरवला, तर ती गहाळ नोंद. बॅग कुणी हिसकावली किंवा कपाट फोडून नेलं, तर ती चोरी, आणि तिचा एफआयआर व्हायला हवा, ज्याची प्रत तुम्हाला मोफत मिळते. घाईत चोरीला ‘गहाळ’ म्हणून सही करू नका. उद्या त्या कागदाचा कुणी गैरवापर केला तर तुमची पहिली ढाल तो एफआयआरच असेल.

घराचा मूळ करारनामा किंवा सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) हरवलं तर पोलीस नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि सोसायटीला हमीपत्र, असा रिवाज आहे. करारनाम्याची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) दुय्यम निबंधकाकडून मिळतात, आणि त्यावर व्यवहार चालतो.

पण कागद बँकेकडून हरवला असेल तर खर्च तुम्ही सोसू नका. गृहकर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद बँकेकडून हरवले वा खराब झाले, तर दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवायला बँकेने मदत करायची आणि तो खर्चही बँकेनेच करायचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर मोजली जाते. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला एका बँकेने तोंडी सांगितलं होतं, “तुम्हीच पोलीस तक्रार करा.” मी म्हटलं, ताब्यात कुणाच्या होते कागद? ज्याच्या ताब्यातून गेले त्याने तक्रार करायची. ‘आमच्या ताब्यातून गहाळ झाले’ असं पत्र आधी बँकेकडून घ्या, मग पुढचं सगळं सुरळीत होतं. झालंही तसंच.

नस्तीची पुनर्बांधणी

सरकारी नस्ती खरोखर मिळतच नसेल तर अर्ज करा तो ‘पुनर्बांधणी’साठी. हा शब्द फार कमी लोकांना माहीत आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली जळाल्या. सरकारने काम थांबवलं नाही. जिल्ह्यांकडून, खालच्या कार्यालयांकडून आणि अर्जदारांकडून प्रती मागवून नस्त्या पुन्हा तयार केल्या. जे आगीनंतर जमलं ते एका कपाटातून हरवलेल्या एका फाईलसाठी का जमू नये?

अर्जात लिहा: “मूळ नस्ती गहाळ असल्याचे आपण दि. … च्या पत्राने कळवले आहे. सोबत माझ्याकडील व अन्य कार्यालयांतून मिळवलेल्या प्रमाणित प्रती जोडत आहे. त्याआधारे नस्तीची पुनर्बांधणी करून माझ्या मूळ अर्जावर निर्णय घ्यावा.” जोडलेल्या प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि शेवटच्या पानावर एकूण पानं किती ते लिहा, म्हणजे यातलं एखादं पान पुन्हा गळलं तर कळेल. मूळ कागद एकही देऊ नका, प्रतीच द्या. काही झालं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. आधी अर्जाचा नमुना आणि मुदत विचारून घ्या आणि हेच सगळे कागद घेऊन तिथे जा. सोबत घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी न्या, बोलायला नाही, लिहून घ्यायला. अधिकारी जो शब्द उच्चारतील तो तसाच्या तसा, तारखेसह उतरवून घ्या.